अर्धपरजीवी वनस्पती

पाणी आणि क्षार दुसऱ्या झाडाकडून घ्यायचे, पण अन्न मात्र स्वतःच्या हिरव्या पानांत स्वतःच तयार करायचे, अशी पोषणाची रीत असलेल्या वनस्पतीला अर्धपरजीवी म्हणतात. ज्या झाडाकडून हे पाणी घेतले जाते ते यजमान. पाहुणा न बोलावता आलेला असतो, तरी शास्त्रातला शब्द हाच रूढ आहे.

‘परजीवी’ या शब्दाला मराठीत भावंडे बरीच. जुन्या ग्रंथांत ‘जीवोपजीवी’ आढळतो, शेतीविषयक लिखाणात ‘परोपजीवी’, अर्थ एकच. घोळ होतो तो ‘परपोषी’ या शब्दाशी. दुसऱ्याने तयार केलेल्या अन्नावर जगणारा कोणताही सजीव परपोषी असतो. गाय परपोषी आहे, पण ती गवताची परजीवी नव्हे. तिच्या अंगावरचा गोचीड परपोषीही आहे आणि परजीवीही. कुजक्या ओंडक्यावरची भूछत्रे मृतोपजीवी. बांडगुळाला मात्र यांतल्या कोणत्याच खणात नीट बसवता येत नाही: पाण्यासाठी ते परजीवी, अन्नासाठी बरेचसे स्वयंपोषी. ‘अर्ध’ हा उपसर्ग लागतो तो यासाठी.

महाराष्ट्रात बांडगूळ म्हणून जे सर्वत्र दिसते ते डेंड्रॉफ्थी फाल्काटा. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव लोरँथस असे दिलेले असते. आंब्यावर ते हटकून सापडते, पण त्याला आंब्याचेच वेड आहे असे नाही. त्याच्या यजमानांची नोंदलेली यादी ४०० जातींच्या आसपास जाते. आंब्याच्या गर्द फांदीत वेगळ्याच, जाडसर, किंचित राखाडी झाक असलेल्या पानांचा झुबका दिसला की तो निरखावा. झुबका जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे लाकडाची गाठ फुगलेली असते. या गाठीच्या आत बांडगुळाची चूषकमुळे, म्हणजे शोषून घेणारी मुळे, यजमानाच्या जलवाहिन्यांना जाऊन भिडलेली असतात. पाणी आपल्याकडे ओढण्यासाठी बांडगूळ यजमानापेक्षा जास्त बाष्पोत्सर्जन करते, म्हणजे पाणी उडवून टाकूनच पाणी मिळवते. त्यामुळे गाठीच्या पुढचा फांदीचा शेंडा हळूहळू रोडावतो आणि वाळतो. नुसता झुबका तोडून उपयोग होत नाही, कारण लाकडातले अवशेष पुन्हा फुटतात. म्हणून बागायतदार गाठीच्या खाली, निरोगी भागात फांदी कापतात.

त्याच्या प्रसाराचे काम फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी करतो. फळातला गर बियांना गोंदासारखा चिकटलेला असतो. पक्षी फळ खातो आणि विष्ठेतून येणारे चिकट बी बुडाला लागून राहते, ते सोडवायला तो बूड फांदीवर घासतो. बीज पेरले गेले! व्हिस्कम प्रजातीतली काही बांडगुळे तर या बांडगुळावरच वाढतात. म्हणजे चोरावर मोर, तेही एकाच फांदीवर.

संस्कृतात अमरकोशाने बांडगुळाला वृक्षादनी आणि वृक्षरुहा अशी दोन्ही नावे दिली आहेत, झाडाला खाणारी आणि झाडावर उगवणारी. बोलीभाषेने पहिलाच अर्थ धरला. ‘समाजाला लागलेले बांडगूळ’ म्हणजे काडीचे काम न करता दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही उपमा चुकीच्या झाडाला चिकटली आहे. ती शोभली असती अमरवेलीला, जी पाण्यासोबत अन्नही यजमानाच्या रसवाहिन्यांतून घेते. दुसरा अन्याय होतो तो सीतेच्या वेणीसारख्या आमरींवर, म्हणजे ऑर्किडांवर. त्या झाडावर फक्त बसलेल्या असतात. त्यांची मुळे सालीला धरून राहतात, लाकडात शिरत नाहीत, पाऊस आणि हवेतली आर्द्रता त्यांना पुरते. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. लोक मात्र त्यांनाही सर्रास बांडगूळ म्हणतात आणि कधी कधी ओरबाडून काढतात.

अर्धपरजीवींच्या गटातले दुसरे नाव ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते: चंदन. चंदनाची मुळे जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना चूषकांनी जोडली जातात. वर सगळे सोज्वळ दिसते, कारण व्यवहार मातीआड चालतो. म्हणूनच चंदनाची लागवड करणारे शेतकरी रोपाशेजारी आधी तूर लावतात आणि पुढे दीर्घकाळ टिकणारा यजमान म्हणून सुरूसारखी झाडे. शेजार नसेल तर चंदन खुरटते. दुसऱ्यासाठी ‘चंदनासारखे झिजणारे’ आणि दुसऱ्याला लागलेले ‘बांडगूळ’ ही मराठीतली दोन टोके, पण पोषणाच्या तक्त्यात दोघांचा रकाना एकच.

जगात परजीवी सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ४,५०० जाती आहेत, म्हणजे एकूण सपुष्प वनस्पतींच्या १ टक्क्याहून थोड्या अधिक. त्यांतल्या बहुसंख्य अर्धपरजीवीच आहेत. अर्ध आणि संपूर्ण यांतली रेघ मात्र पुस्तकात दिसते तेवढी ठळक नाही. आपल्याकडच्या पिवळसर अमरवेलीतही थोडे हरितद्रव्य शिल्लक असते. तंबाखूच्या मुळांवर वाढणाऱ्या बंबाखूत ते नसतेच, तो खरोखरचा संपूर्ण परजीवी.

शेतकऱ्याला सर्वांत महागात पडतो तो ज्वारीवरचा टारफुला. हाही हिरवा, म्हणून अर्धपरजीवी; पण जमिनीवर डोके काढण्याआधीचा त्याचा काळ पूर्णपणे ज्वारीच्या मुळांवर जातो, आणि रोप दिसेपर्यंत पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते. त्याचे बी धुळीएवढे बारीक, जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहणारे. यजमानाच्या मुळांतून पाझरणारी विशिष्ट रसायने जवळ आल्याशिवाय ते रुजत नाही. यांतले पहिले रसायन, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये सापडले, तेही कापसाच्या मुळांतून निघणाऱ्या स्रावात. कापसावर टारफुला वाढू शकत नाही. त्यामुळे ज्वारीच्या रानात एखाद्या हंगामात कापूस घेतला, तर टारफुल्याचे बरेचसे बी फसून उगवते, चिकटायला मूळ न मिळाल्याने काही दिवसांतच मरते, आणि पुढच्या ज्वारीसाठी जमिनीतला साठा तेवढा कमी होतो.