क्षयरोगाच्या संशोधनात उंदीर आणि गिनिपिग: एकाची जागा दुसरा का घेत नाही?

‘प्राण्यांवर औषध यशस्वी’ अशी बातमी आली की प्राणी कोणता, हे आपण सहसा बघत नाही. उंदीर काय आणि गिनिपिग काय, दोन्ही कुरतडणारेच! पण क्षयाच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच विचारायला हवा, कारण एकच जंतू या दोन शरीरांत दोन वेगळे आजार घडवतो.

गिनिपिगला क्षय फार पटकन जडतो. श्वासातून मोजके जंतू फुप्फुसात गेले तरी पुरे. उपचार नसतील तर तो खंगत जातो आणि दगावतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला, त्या प्रयोगांतही गिनिपिग होते. पुढे कित्येक वर्षं रुग्णाची थुंकी किंवा लघवी गिनिपिगला टोचायची, काही आठवडे थांबायचं आणि मग त्याचं शवविच्छेदन करून निदान करायचं, अशी रीत होती. त्याच्या फुप्फुसातली गाठ कापली, तर आतला भाग मरून पनीरासारखा पांढरट झालेला दिसतो. माणसाच्या क्षयाची हीच ओळख.

क्षय हवेतून पसरतो याचा भक्कम पुरावाही गिनिपिगांनीच दिला. १९५० च्या दशकात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा वर ठेवलेल्या गिनिपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात दुवा फक्त हवेचा होता, तरी प्राण्यांना लागण होत राहिली. ज्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले होते, तिथले गिनिपिग वाचले. मला हा क्षयसंशोधनातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

उंदराचं तसं नाही. प्रयोगशाळेतले नेहमीचे उंदीर हा संसर्ग महिनोन्‌महिने अंगावर वागवतात. जंतू बहुतेक पेशींच्या आतच राहतात आणि ती पनीरासारखी गाठ होत नाही. तरीही उंदीर लागतोच. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, त्यामुळे नवं औषध चिमूटभर असलं तरी भागतं. गर्भकाळ वीसेक दिवसांचा; गिनिपिगचा दोन महिन्यांच्या वर. शिवाय उंदराचं हवं ते जनुक बंद करता येतं. १९९३ मध्ये इंटरफेरॉन-गॅमा (रोगप्रतिकारक पेशींना जंतूंशी लढायला चेतवणारा रेणू) नसलेले उंदीर क्षयाने झपाट्याने मेले, तेव्हा हा रेणू किती मोलाचा आहे हे कळलं. गिनिपिगची आणखी एक अडचण म्हणजे पेनिसिलिनसारखी काही प्रतिजैविकं गिनिपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि प्राणी औषधानेच दगावतो. ऑक्सफर्डमध्ये १९४० साली पेनिसिलिनची पहिली परीक्षा उंदरांवर झाली, हे माणसाचं नशीबच.

रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही क्षयाची औषधं मिळून उपचाराचा काळ कमी करतात, हे उंदरांत दिसलं आणि माणसांतही खरं ठरलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाने मात्र दगा दिला. उंदरांतले निकाल पाहून सहा महिन्यांचा कोर्स चारवर येईल अशी आशा होती. २०१४ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले. चार महिने औषध घेतलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. हे औषध गाठीतल्या मेलेल्या भागात नीट शिरत नाही, हे नंतर दिसलं. नेहमीच्या उंदरात तो भागच नसल्याने ही अडचण तिथे कळणार कशी? म्हणून आता अशा गाठी होणाऱ्या सी३एचईबी/एफईजे जातीच्या उंदरांवरही औषधं तपासली जातात.

गिनिपिग माणसाच्या जवळचा, म्हणून त्याचा शब्द अखेरचा, असंही नाही. मद्रासच्या रुग्णांमधले बरेच जंतू ब्रिटनमधल्या जंतूंच्या तुलनेत गिनिपिगांत सौम्य निघाले. त्या रुग्णांचा आजार मात्र सौम्य नव्हता. क्षयावरची बीसीजी लस टोचलेला गिनिपिग क्षयाला चांगली टक्कर देतो. पण तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. तिथल्या माणसांचा मातीपाण्यातल्या, क्षयजंतूच्या भाऊबंद जंतूंशी आधीपासूनच संबंध येत असतो आणि त्यामुळे लशीचा परिणाम झाकला जातो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. प्रयोगशाळेत वाढलेल्या गिनिपिगचा त्या जंतूंशी कधी संबंधच आलेला नसतो.