सिंदखेडराजा : जाधवांच्या राजवाड्याची पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी अलोट गर्दी लोटते. राजवाड्यात शिरलेला प्रत्येक जण थेट जन्मस्थळाकडे जातो, ते साहजिकच आहे. पण ज्या वाड्यात 1598 साली जिजाऊ जन्मल्या, तो मुळात एका बलाढ्य देशमुखाचा लढाऊ वाडा होता. ती ओळख मागे पडू नये असं मला मनापासून वाटतं.

जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव अहमदनगरच्या निजामशाहीतले मातब्बर सरदार. घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांशी सांगतं. त्या काळी देशमुखी म्हणजे परगण्याचा वसूल, पदरी फौज आणि वतनावर कायम डोळा ठेवून असलेले भाऊबंद. साहजिकच देशमुखाचं घर कोटाच्या बळकटीचंच असावं लागे. सिंदखेडचं महाद्वार बघा : भक्कम दगडी बांधणी, वर नगारखाना. चौघडा वाजायचा तिथूनच आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजरही तिथूनच. आत जोती आहेत, तळघरं आहेत. वरचे मजले मात्र गेले. वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्यांची हीच गत झाली. दगड टिकला, लाकूड कुजलं आणि पांढरी माती लोकांनी घरांच्या धाब्यांवर, म्हणजे मातीच्या छतांवर, टाकायला नेली.

या घराचा घात परक्यांनी नाही, धन्याने म्हणजे निजामशहानेच केला. लखुजी मध्यंतरी मोगलांना मिळाले होते, नंतर निजामशाहीत परतले. 25 जुलै 1629 रोजी ते दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेले. तिथे भर दरबारात ते, त्यांचे मुलगे अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव कापले गेले. एकाच दिवशी तीन पिढ्या! जिजाऊंच्या पोटी त्या वेळी शिवराय होते. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. आपल्याच सरदारांना असं मारणाऱ्या दरबाराची चाकरी किती भरवशाची, हे जिजाऊंना माहेरच्या रक्तातून कळलं होतं. स्वराज्याच्या विचारामागे मला ही घटना फार मोठी वाटते.

लखुजींचे भाऊ जगदेवराव यानंतर मोगलांकडे गेले आणि सिंदखेड घराण्याकडेच राहिलं. पुढे वंशज हैदराबादच्या निजामाच्या चाकरीत गेले. डिसेंबर 1757 मध्ये रामचंद्र जाधवांना याच सिंदखेडात मराठी फौजांनी वेढा घातला. जिजाऊंच्या माहेरावर पेशव्यांच्या तोफा!

गावात काळा कोट नावाची अर्धवट राहिलेली प्रचंड तटबंदी आहे, रंगमहाल आहे, मोती तलाव आहे आणि लखुजींची भव्य समाधीही आहे. 2024 मध्ये या समाधीच्या दुरुस्तीचं काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जमिनीखाली शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती आणि मंदिराचे अवशेष सापडले. म्हणजे जाधव येण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव नांदतं होतं.