वीर निर्वाण संवत महावीरांच्या जन्मापासून सुरू होत नाही

महावीर जयंती जवळ आली की एक समज हमखास पुढे येतो: वीर निर्वाण संवत ही जैन कालगणना भगवान महावीरांच्या जन्मापासून मोजतात आणि त्याचे नवे वर्ष जयंतीला लागते. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

परंपरेनुसार महावीरांचा जन्म इ. स. पूर्व ५९९ मध्ये, चैत्र शुद्ध त्रयोदशीला झाला. बहात्तर वर्षांनी, इ. स. पूर्व ५२७ मध्ये, पावापुरी येथे त्यांचे निर्वाण झाले आणि कालगणना तिथून सुरू होते. जन्मवर्ष धरले तर सगळे आकडे बहात्तर वर्षांनी चुकतात, म्हणून ही चूक किरकोळ मानता येणार नाही. निर्वाणाचा दिवस दिवाळीच्या अमावास्येचा. दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या बलिप्रतिपदेला नवे संवत लागते.

इथे आणखी एक घोळ होतो. ग्रंथांत 'कार्तिक अमावास्या' लिहिलेली असते, आपल्या पंचांगात मात्र दिवाळीची अमावास्या आश्विनाची. तिथी एकच आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षाच्या महिन्याचे नाव बदलते. यावरून कुणाचे पंचांग खोटे ठरवू नये.

पडताळा सोपा आहे. दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनात ५२७ मिळवा, जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५२६. २०२५ च्या पाडव्याला २५५२ लागले. शकात मिळवायचे तर दिवाळी पाडव्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ६०५, गुजराती विक्रम संवतात वर्षभर ४७०.