अळंबीतलं सेलेनियम आणि ‘सेंद्रिय’चा घोळ

सेलेनियम या मूलद्रव्याची पहिली ओळख विष म्हणून. अमेरिकेतल्या डाकोटात गुरांचे खूर गळायचे, शेपटीचे केस झडायचे. दोष चाऱ्यातल्या सेलेनियमचा, हे १९३० च्या दशकात कळलं. १९५७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी पारडं फिरलं: लेशमात्र का होईना, ते शरीराला लागतंच. पुढे चीनमध्ये केशान हृदयविकार रोखायला सेलेनाइट या सेलेनियमच्या क्षाराच्या गोळ्या उपयोगी पडल्या, तर फिनलंडने १९८० च्या दशकात थेट खतातच सेलेनेट हा त्याचा दुसरा क्षार मिसळला.

अळंबीकडे लक्ष वळलं ते सोयीमुळे. जमिनीचा भरवसा नाही, बेडमध्ये काय घालायचं ते मात्र आपल्या हातात. काड भिजवायच्या पाण्यात किंवा कंपोस्टमध्ये सोडियम सेलेनाइट मिसळलं की धिंगरी, बटण, शिताके सगळ्याच ते ओढून घेतात. मात्रा वाढली तर बुरशीची वाढ खुंटते आणि पांढऱ्या तंतूंवर तांबूस झाक येते. तो लाल रंग सुट्ट्या सेलेनियमचा.

खरा घोळ ‘सेंद्रिय सेलेनियम’ या शब्दाचा. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की सेलेनियम कार्बनी रेणूत बसलंय. उदाहरणार्थ, मेथिओनिन या अमिनो आम्लातल्या गंधकाची जागा घेऊन झालेलं सेलेनोमेथिओनिन. शेतीतलं ‘सेंद्रिय’ वेगळं. पाकिटावर दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे कारखान्यातला क्षार पाजून वाढवलेली अळंबीही ‘सेंद्रिय’ म्हणून खपते. खोटं कुणी बोलत नाही, पण गैरसमज दूर करायची घाईही कुणाला नसते. शिवाय घातलेलं सगळं सेलेनियम सेलेनोमेथिओनिन होत नाही. किती होतं ते जातीवर नि मात्रेवर ठरतं. नुसता एकूण आकडा छापून त्यामुळे फारसं काही कळत नाही.

कर्करोग टाळायला सेलेनियमच्या गोळ्या घ्यायचा बहर ओसरला तो २००८ मध्ये. रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनोमेथिओनिन देऊनही प्रोस्टेटचा कर्करोग टळत नाही, असं दिसल्यावर एक मोठी चाचणी आवरती घेतली गेली. प्रौढांची रोजची गरज साधारण ५५ मायक्रोग्रॅम. कमाल मर्यादा अमेरिकेत ४००, युरोपात २०२३ पासून २५५.

पंजाबातल्या सेलेनियमयुक्त जमिनीतल्या गव्हाच्या काडावर धिंगरी वाढवून पाहिली, तर तिच्यातही सेलेनियम उतरलं. वरून क्षार घालावाच लागला नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द तिथे निदान थोडा तरी शोभला असता.