वारसा रेल्वे (बडोदे–डभोई परिसर)

जुने लोहमार्ग, गाड्या व स्थानके मूळ स्वरूपात राखण्याची पद्धती. दार्जिलिंग (1999), निलगिरी (2005) व कालका–सिमला (2008) हे मार्ग जागतिक वारसा यादीत गेल्याने ती परिचित झाली. बडोद्याच्या बाबतीत मात्र मूळ स्वरूप कोणते, येथूनच मतभेद आहेत.

डभोई–मियागाम हा सु. 33 किमी. लांबीचा मार्ग खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, 1862 मध्ये सुरू झाला असे सामान्यतः मानतात. भारतातील पहिला नॅरोगेज (अरुंद रुळांचा) मार्ग हा त्याचा मान याच सालावर अवलंबून आहे. गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, 2 फूट 6 इंच (762 मिमी.), गाडी ओढत बैल. 1863 मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आणली गेली. पण रूळ यार्डाला 13 पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किग्रॅ. वजनाचे. (आजचा ब्रॉडगेज रूळ मीटरला 60 किग्रॅ. भरतो.) इंजिनांचा भार त्यांना पेलेना, आणि बैलच कामी येत राहिले. जड रूळ टाकून वाफेवरची नियमित वाहतूक सुरू झाली ती 1873 मध्ये, मल्हाररावांच्या अमदानीत. वाफेशिवाय रेल्वे नाही, असे धरल्यास 1873 हेच आरंभवर्ष ठरते. गेज व रूळ हा निकष धरला तर 1862 ला बाध येत नाही, आणि हे मत अधिक ग्राह्य वाटते. वेल्समधील फेस्टिनियॉग मार्गावरही 1836 पासून घोडे होते व इंजिने 1863 मध्ये आली. तरी त्या रेल्वेचे वय 1836 पासूनच मोजतात.

मान 1862 चा घ्यायचा तर अस्सल ठरतात ते बैल. पर्यटकाला हवी असते शिट्टी आणि धूर. अहमदाबाद–एकतानगर वारसा गाडीला (उद्‌घाटन 31 ऑक्टोबर 2023) साज वाफेच्या इंजिनाचा आहे, पण ती चालते विजेवर. डब्यांत सागवानी सजावट व वातानुकूलित भोजनयान आहे. तिच्या वाटेवरचा डभोई–चांदोद हा फाटा मूळचा 1879 चा नॅरोगेज. चांदोदला श्राद्धविधी व नर्मदास्नानासाठी जाणारी बडोद्याची मराठी कुटुंबे याच फाट्याने जात. तो ब्रॉडगेज होऊन 2021 मध्ये केवडियापर्यंत (आजचे एकतानगर) वाढला. थोडक्यात, खरा जुना मार्ग उखडल्यावर त्यावरून जुन्या दिसणाऱ्या इंजिनाची गाडी आली. अस्सलपणाच्या कसोटीला ती उतरत नाही. प्रवासी मिळवण्याची कसोटी निराळी.

याउलट 2018 च्या सुमारास रेल्वेने डभोई–मियागाम, मियागाम–मालसर व प्रतापनगर–जंबुसरसह गुजरातमधील पाच नॅरोगेज मार्ग (एकूण सु. 204 किमी.) मूळ गेजसह राखण्याचे ठरविले होते. उत्पन्नाच्या दृष्टीने ते किफायतशीर नव्हते.

बडोद्याच्या कमाटीबागेतील 10 इंची गेजची छोटी गाडी मूळची राजवाड्यातली. ती 1956 मध्ये बागेला मिळाली. पुढे तिच्या जागी रुंद गेजची, जास्त माणसे बसतील अशी गाडी आली.