कपाटातला कॅमेरा काढलात, आता रोल कुठला घालायचा?

गेली दोन-तीन वर्षं दुकानात हे नेहमीचंच झालंय. कोणीतरी पिशवीतून बाबांचा यशिका नाहीतर झेनिट काढतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, हा चालू आहे का बघा आणि ह्यात घालायला एक चांगला रोल द्या. कॅमेऱ्याचं आम्ही दहा मिनिटांत बघून सांगतो, पण "चांगला रोल" म्हणजे कुठला ते उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, आणि शुक्रवारी बाजाराच्या दिवशी तर नाहीच नाही, म्हणून हे पत्रक छापलंय. घरी नेऊन चहासोबत वाचा.

आमचं म्हणणं पहिल्यांदा सांगून टाकतो. पहिले पाच रोल एकाच फिल्मचे काढा. कुठली ते खाली येतंच, पण एकच. होतं काय, वीस वर्षांनी परत आलेला माणूस उत्साहात पाच वेगवेगळे रोल घेतो, एक कलर, एक ब्लॅक अँड व्हाइट, एक सिनेमावाला, आणि फोटो धुऊन आले की त्यातले अर्धे मळकट, मग चूक कोणाची, फिल्मची की उजेड मोजणाऱ्या मीटरची की शटर म्हातारा झाला त्याची, काही म्हणजे काही कळत नाही. तीच फिल्म पाचदा वापरलीत तर तिसऱ्या रोलपर्यंत तुम्हाला स्वतःलाच कळायला लागतं की आपला कॅमेरा जरा अंडर जातोय, म्हणजे फिल्मला उजेड कमी पडतोय. हे शिक्षण दुसरं कोणी देऊ शकत नाही, आम्हीसुद्धा नाही.

मग ती एक कुठली

कलर हवं असेल आणि बहुतेक फोटो दिवसा काढणार असाल तर कोडॅक गोल्ड २००. अजून थोडी स्वस्त हवी तर कलरप्लस २००. आपल्याकडे गोव्यात ऑक्टोबर ते मे ऊन एवढं लख्ख असतं की ४०० ची (आकडा मोठा तेवढा कमी उजेड चालतो) गरज क्वचित पडते. जुना नियम आठवत असेल, कडक उन्हात लेन्सचं तोंड म्हणजे अॅपर्चर एफ १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या नंबराएवढा, म्हणजे २०० च्या फिल्मला त्याच्या जवळचा १/२५० सेकंद. आम्ही मात्र १/१२५ सांगतो, कारण कलर निगेटिव्हला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड मिळाला तर ती आनंदाने सोसते, कमी मिळाला तर सावल्या चिखलासारख्या होतात आणि त्या स्कॅनरमध्येही सुधारत नाहीत. ढग दाटले तर एफ ८, माडांच्या किंवा घराच्या पूर्ण सावलीत एफ ४. माडाखाली कवडसे पडतात तिथे मीटर हमखास फसतो, तिथे सावलीचंच माप घ्या.

आणि पणजीच्या चर्चच्या पायऱ्या. प्रत्येक रोलमध्ये एक तरी फोटो तिथला असतोच आणि निम्म्या वेळा चर्च करडं आलेलं असतं. मीटरला पांढरी भिंत म्हणजे नुसता भरपूर उजेड वाटतो, तो उजेड कापून टाकतो. मीटर सांगेल त्याच्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त द्या. जुन्या गोव्यातल्या चुन्याच्या भिंतींचं आणि मंगेशीच्या पांढऱ्या दीपस्तंभाचंही तेच.

बॉक्सवर आयएसओ लिहिलेलं असतं ते म्हणजे तुमच्या वेळचं एएसए, आकडा तोच. जुन्या कॅमेऱ्यावर तो हाताने लावायचा असतो आणि लोक विसरतात. १९८३ नंतर डबीवर डीएक्स कोड यायला लागला, काळ्या-चंदेरी चौकोनांचा, तो वाचणारा ऑटोमॅटिक कॅमेरा असेल तर तुम्हाला काही करायला नको. अजून एक, साठ-सत्तरच्या दशकातले बरेच मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचे, ते सेल आता मिळत नाहीत आणि साधा १.५ व्होल्टचा घातला की मीटर चुकू शकतो. सेल बदलण्याआधी कॅमेरा दाखवा.

नेटवर बघितलेले रंग

हे जरा सविस्तर सांगायला हवं कारण ह्याच्यावरून लोक सगळ्यात जास्त निराश होतात. फोनवर कोणाचातरी फोटो दाखवतात, असा रंग हवा, ही कुठली फिल्म. पण निगेटिव्हला स्वतःचा दिसणारा रंग नसतो हो, ती नारिंगी असते आणि उलटी असते. ती सुलट करताना स्कॅनर आणि स्कॅन करणारा माणूस रंग ठरवतो. तीच पट्टी लॅबच्या फ्रंटियर स्कॅनरवर एक दिसते, नोरित्सुवर दुसरी, घरच्या फ्लॅटबेडवर तिसरी. तेव्हा कोणी म्हणालं कोडॅकची पोर्ट्रा ऊबदार आणि फुजी हिरवट, तर त्यात थोडं खरं आहे पण निम्मं श्रेय लॅबचं. तुम्हाला कसे रंग आवडतात ते रोल देताना आम्हाला सांगा, एखादा फोटो दाखवलात तर अजून बरं, त्या अंगाने स्कॅन करू.

ओळखीची नावं

पन्नाशीच्या पुढचे ग्राहक कोनिका मागतात. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फोटोचा धंदा सोडायचं जाहीर केलं, त्याच्या आदल्या वर्षी अॅग्फाफोटोचं दिवाळं निघालं होतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोलही आता नाही, तो आठवणारी माणसं आली की आमचा अर्धा तास गप्पांत जातो. कोडाक्रोम कोडॅकने २००९ मध्ये बंद केला आणि तो धुणारी शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्ससची, तिने २०१० च्या अखेरीस शेवटचे रोल घेतले. माळ्यावर न धुतलेला कोडाक्रोम सापडला तर आता त्याचा फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढता येतो. फुजीचे २०० आणि ४०० चे रोल मिळतात, पण बॉक्सवर मेड इन यूएसए छापलेलं असेल तर ती तुमच्या आठवणीतली जपानी सुपेरिया समजू नका. वाईट नाही, वेगळी आहे.

पाच रोल झाल्यावर

आता मजा करा. लाल माती, चिरेबंदी भिंती, पणजीच्या फोंतायनशमधली निळी-पिवळी घरं, ह्याला कोडॅकची एक्टार १०० घालून बघा, दाणा अगदी बारीक आणि रंग भडक. पण एक्टारवर माणसांचे चेहरे लालसर येतात आणि उजेड कमी पडला की सावल्या निळ्या होतात, म्हणून लग्नाला नको. माणसांसाठी पोर्ट्रा ४००, महाग आहे पण बारशाला, साखरपुड्याला, चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या मांडवाखाली) सगळं घर बसलेलं असतं तेव्हा पैसे वसूल. हार्मनने २०२३ च्या डिसेंबरमध्ये फिनिक्स २०० आणली, दिव्यांभोवती लाल वलयं आणि कडक कॉन्ट्रास्ट, हौसेसाठी ठीक, पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाला वापरू नका.

नरकासुराच्या रात्रीसाठी, दिवाळीच्या आदल्या रात्री त्याचे पुतळे निघतात तेव्हासाठी, दरवर्षी विचारणा होते. पोर्ट्रा ८०० घ्या. सिनेस्टिल ८००टी पण चालेल, ती पिवळ्या दिव्यांच्या उजेडासाठी बनलेली आहे आणि दिव्यांभोवती तांबडी झाक येते, काहींना तीच हवी असते. आमची स्वतःची आवड मात्र इल्फर्डची ब्लॅक अँड व्हाइट एचपी५ प्लस, ४०० ची असून १६०० वर लावलेली. धूर, ढोल, कागदाचे दात, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते जास्त भिडतं. १६०० वर काढलात तर डबीवर लिहा, कारण मग आम्हाला ती जास्त वेळ धुवावी लागते. लिहिलं नाहीत तर ४०० समजून धुऊ आणि सगळा रोल पातळ येईल.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये नवीन माणसाने एचपी५ प्लसनेच सुरुवात करावी असं आम्ही सांगतो, चुका पोटात घालणारी फिल्म आहे. ट्राय-एक्स तशीच जुनीजाणती, १९५४ पासून ३५ एमएममध्ये आहे, आता मात्र महाग. स्वस्तात केंटमिअर ४०० किंवा चेक प्रजासत्ताकातली फोमापान, पण फोमापान ४०० ही २०० समजून वापरा, बॉक्सवरच्या आकड्याएवढी ती जात नाही. पावसाळ्यात दिवाडीच्या फेरीबोटीवरून मांडवी काढणार असाल तर पिवळा फिल्टर लावा, मधे निळं आभाळ असेल तर ढग उठून दिसतात, त्याला एक स्टॉप जास्त लागतो. आणि लवकर फोटो हवे असतील तर एक्सपी२ सुपर, ती ब्लॅक अँड व्हाइट असूनही कलरच्याच सी-४१ केमिकलमध्ये धुतली जाते, त्यामुळे आमच्या रोजच्या बॅचमध्ये बसते.

स्लाइड फिल्म, म्हणजे एक्टाक्रोम किंवा वेल्विया, अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवते. मीटरवर भरवसा बसल्याशिवाय घेऊ नका, आम्हीही सहसा देत नाही.

दोन ठिकाणी जपून

सिनेमाची फिल्म डबीत भरून विकतात, स्वस्त पडते म्हणून बरेच जण घेतात. ती बऱ्याचदा पाठीमागे काजळीचा थर असलेली असते, सी-४१ मध्ये गेली तर काजळी सुटून केमिकल आणि दुसऱ्यांचे रोलही खराब होतात. एकदा एका साध्या दिसणाऱ्या डबीत अशी फिल्म निघाली आणि आम्हाला पूर्ण टाकी ओतून द्यावी लागली, त्या दिवशी दोन घरांतले फोटो डागाळले, त्याचं अजून वाईट वाटतं. आणलीत तर आनंदाने वेगळी धुऊ, पण सांगून द्या.

दुसरं, एक्स्पायर्ड रोल. फ्रीजबाहेर पण गार, कोरड्या जागी ठेवलेला असेल तर दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त देऊन बघायचा असा अंदाज आहे. पण आपल्याकडच्या माळ्यावर कौलांखाली पंधरा उन्हाळे आणि पंधरा पावसाळे काढलेल्या रोलला कुठलाच हिशेब लागू पडत नाही, त्यावर मुलीचा वाढदिवस काढू नका.

ठेवायचं कसं

नवे रोल फ्रीजमध्ये, प्लास्टिकची डबी न उघडता. वापरायच्या तास-दोन तास आधी बाहेर काढून ठेवा, लगेच उघडलात तर आपल्या हवेत फिल्मवर पाणी धरतं. गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात नको. काढलेला रोल शक्य तितक्या लवकर धुवायला द्या, ह्या चवथीचा रोल पुढच्या चवथीपर्यंत कॅमेऱ्यात राहिला तर रंग उतरतात. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरात बंद ठेवू नका, लेन्सला बुरशी लागते, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्या पुड्या मधूनमधून बदला किंवा वाळवा.

विमानाने जाताना, दाबोळी असो की मोपा, रोल चेक-इन बॅगेत कधीच नको, तिथलं एक्स-रे मशीन फार जोराचं असतं. हातातल्या पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासा अशी विनंती करा, विशेषतः जिथे नवीन सीटी स्कॅनर बसलेत तिथे, कारण त्यातून एकदा गेली तरी फिल्मवर धुकं येऊ शकतं.

रोल देताना डबीवर पेनाने एवढं लिहा: तुमचं नाव, कुठल्या आयएसओवर काढला आणि कॅमेरा कुठला. निगेटिव्ह परत न्यायला विसरू नका, स्कॅन हरवला तर त्यातून पुन्हा काढता येतो. आणि रोल अडकला, लिव्हर फिरत नाही, गुंडाळला गेला की नाही कळत नाही असं झालं तर मागचं झाकण उघडू नका. कॅमेरा आहे तसाच घेऊन या, आमच्याकडे उजेड आत न येणारी काळी चेंजिंग बॅग आहे, तुमच्यासमोर आत हात घालून काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही.