एका मिनिटातले प्राणी आणि व्हिएतनामी म्हातारपण

घड्याळ लावा आणि एका मिनिटात सुचतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा. मी परवा आईला बसवलं. तिने गाय, म्हैस, शेळी अशी सुरुवात केली, गोठा संपल्यावर जरा अडखळली आणि मग एकदम हत्ती, वाघ, जिराफ, म्हणजे गोठ्यातून डायरेक्ट राणीच्या बागेत. एकूण १७. आमची करमणूक झाली, पण डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी आठवण आणि विचारशक्ती ढासळण्याचा आजार, तपासताना ही खरोखरची टेस्ट घेतात बरं का, कारण शब्द पटापट सापडणं, सांगितलेले लक्षात ठेवणं आणि एक कप्पा संपला की दुसऱ्यात उडी मारणं हे सगळं मेंदूला एकदमच करावं लागतं.

१९९८ मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, ५४ ते ९९ वयाच्या ३१७ धडधाकट माणसांच्या याच टेस्टचे निकाल छापले. सगळ्यात जास्त प्राणी व्हिएतनामी लोकांनी सांगितले, सगळ्यात कमी स्पॅनिश बोलणाऱ्यांनी. आता यात हुशारीचा काही संबंध नाही. व्हिएतनामीत गाय म्हणजे बॉ, कोंबडी गा, कुत्रा चॉ, मासा का. एका अक्षरात प्राणी खलास! स्पॅनिशमधे तेच नाव दोन-तीन अक्षरांचं. आपण रानडुक्कर म्हणेपर्यंत तिकडे तीन-चार जनावरं मोजून होतात. म्हणजे सगळ्यांना एकच पासिंग मार्क ठेवले तर विसरायला लागलेली व्हिएतनामी आजीसुद्धा आरामात पास होईल.

आणि याच तपासणीतले काही प्रश्न बरोबर उलटे फिरतात. सध्या ऋतू कोणता, हा नेहमीचा प्रश्न. दक्षिण व्हिएतनाममधल्या सायगावकडच्या माणसाला ऋतू माहीत दोनच, पावसाचा आणि कोरडा. वय विचारलं तर जुन्या पद्धतीत जन्मतःच एक वर्ष धरतात, त्यात युद्धानंतर अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या कागदावर बऱ्याचदा भलतीच जन्मतारीख, कितीतरी जणांची सरसकट १ जानेवारी. आता आजोबांनी खरं वय सांगितलं आणि ते फाइलशी जुळलं नाही तर विसरलं कोण?

हे सगळं बाजूला काढल्यावर मग खरा प्रश्न येतो, की या लोकांनी जे भोगलं त्याचा मेंदूवर काय परिणाम झाला. आज ऐंशीच्या आसपास असलेला माणूस १९४५ च्या दुष्काळाच्या सुमाराला जन्मलेला. १९५४ मधे देशाची फाळणी झाली तेव्हा आठ लाखांच्या वर लोक उत्तरेतून दक्षिणेत आले, मग युद्ध, ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडलं, मग हजारो जण वर्षानुवर्षं छावण्यांत डांबलेले, आणि पुढच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख लोक होड्यांतून समुद्र ओलांडून कुठेकुठे पोचले, जे बुडाले ते वेगळेच. मलेशियातलं पुलाउ बिडाँग बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं, १९७९ मधे त्यावर जवळपास ४०,००० माणसं राहत होती.

भीती वाटली की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, ते चांगलंच, पळायला ताकद येते. धोका टळला की मेंदूच ब्रेक लावतो आणि या ब्रेकचा एक मोठा भाग मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे असतो. नव्या आठवणी साठवायचं कामही त्याचंच. ताण वर्षानुवर्षं चालू राहिला की प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिथल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसतात, म्हणजे ब्रेकच झिजतो, मग कॉर्टिसॉल आणखी रेंगाळतं. अमेरिकेतल्या १,८१,००० हून जास्त माजी सैनिकांचा सात वर्षांचा हिशोब २०१० मधे आला, त्यात पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्यांपैकी १०.६ टक्क्यांना डिमेन्शिया झाला, नसलेल्यांपैकी ६.६ टक्क्यांना.

पण लगेच 'ताणाने मेंदू आकसतो' असं ठोकून देऊ नका. २००२ मधे जुळ्या भावांचा एक झकास अभ्यास आला होता, एक भाऊ व्हिएतनाममधे लढलेला, दुसरा घरी राहिलेला. जबर पीटीएसडी असलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान निघाला खरा, पण त्यांच्या घरी बसलेल्या भावांचाही तसाच लहान! म्हणजे काहींच्या बाबतीत तो जखमेचा वण नसून आधीपासूनचाच कच्चा दुवा असावा.

म्हणूनच अशा लोकांबद्दल बोलताना वापरतात त्या 'रेझिलियन्स' शब्दाचा मला थोडा राग आहे. आपण त्याला चिवटपणा म्हणू. हे लोक मुळातच चिवट असं म्हटलं की विषय संपतो, शिवाय जे बुडाले ते काय कमी चिवट होते? तपासायला सापडतात ते पोचलेलेच. त्यापेक्षा नंतर काय मिळालं ते बघावं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची १४ टाळता येण्यासारखी कारणं मांडली, त्यात कमी शिक्षण, डिप्रेशन, एकटेपणा, ब्लडप्रेशर, ऐकू न येणं हे सगळं आहे. युद्धात शाळा बुडालेल्या माणसाची पहिल्या ओळीतच वजाबाकी झाली. जमेच्या बाजूला पॅगोडा, चर्च, तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, आणि कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरच्या लिटल सायगावसारखी व्हिएतनामी वस्ती, जिथे दिवसभरात इंग्रजीचं तोंड बघावं लागत नाही.

कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाच्या ओआन मेयर यांची टीम ६५ च्या पुढच्या पाचशेहून जास्त व्हिएतनामी लोकांचा हाच ताळा घेतेय. आधी काय सोसलं, आत्ता आधार कुणाचा आणि आठवण कशी बदलतेय, हे सगळं त्यांच्याच भाषेत विचारून. हे आधीच व्हायला हवं होतं. पण घरचे डॉक्टरकडे नेतातच उशिरा, म्हातारं माणूस लू लन झालं, म्हणजे भ्रमिष्ट झालं, वयच तसं, असं म्हणून सोडून देतात. आपल्याकडचं साठी बुद्धी नाठी, तसंच.

एक गोष्ट मात्र घरातच दिसते. डिमेन्शिया वाढला की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. आजीचं तोडकंमोडकं इंग्रजी गेलं, उरली व्हिएतनामी, आणि अमेरिकेत वाढलेल्या नातवंडांना त्यातले चारच शब्द येतात. त्यातला एक बा. सूर खाली नेऊन म्हटलं तर आजी, सपाट म्हटलं तर दक्षिणेकडे बाप, किंवा तीन. पोरं सपाटच म्हणतात.